थंड राहण्याचा हक्क

शीर्षक वाचून कुणाला वाटेल की मे महिन्याच्या उकाड्यात हॉस्टेलच्या वरच्या मजल्यावरच्या मुलांनी कूलरसाठी दिलेला अर्जच इथे छापला आहे. तसं काही नाही. हे एका पुस्तकाचे नाव आहे. २०१५ मध्ये ते इंग्रजीत प्रसिद्ध झाले. लेखिकेचे नाव शीला वॉट-क्लूतिए. नाव शीला असले तरी बाई आपल्याकडच्या नाहीत. त्या इनुइट आहेत, म्हणजे उत्तर ध्रुवाभोवतीच्या बर्फाळ प्रदेशात राहणाऱ्या आदिवासी समाजाच्या. पूर्वी आपल्या भूगोलाच्या पुस्तकात ज्यांना 'एस्किमो' म्हटले जाई तेच हे लोक. तो शब्द बाहेरच्यांनी दिलेला आहे. ते स्वतःला इनुइट म्हणतात, आणि त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ साधा 'माणसे' असा आहे.

आता कुणी विचारेल, या बाईंचा आपल्या कॉलेजशी काय संबंध? पर्यावरण हा पेपर आपण सगळेच देतो आणि परीक्षेच्या आदल्या रात्री वाचून पासही होतो. त्यात ओझोन असतो, ग्रीनहाऊस वायू असतात, ध्रुवीय अस्वलाचा फोटो असतो. माणूस मात्र फारसा नसतो. शीलाबाईंनी नेमकी हीच गोष्ट जगाच्या लक्षात आणून दिली. तापमानवाढ हा विज्ञानाचा आणि अर्थशास्त्राचा प्रश्न आहेच, पण त्याआधी तो कुणाच्या तरी हक्काचा प्रश्न आहे, असे त्यांनी कायद्याच्या भाषेत मांडले. हे त्यांनी कसे केले ते समजून घ्यायचे तर थोडे केमिकल, थोडे इलेक्ट्रिकल, थोडे सिव्हिल आणि बराचसा इतिहास लागतो. म्हणून हा लेख.

१. इनुइट कोण आणि शीलाबाई कोण

इनुइट लोकांची संख्या आज सुमारे १ लाख ८० हजार आहे. आपल्याकडच्या एखाद्या तालुक्यात याहून जास्त माणसे सापडतील. ते चार देशांत विभागले गेले आहेत : कॅनडा, ग्रीनलंड (म्हणजे डेन्मार्क), अमेरिकेचा अलास्का आणि रशियाचा चुकोत्का. या चार ठिकाणच्या इनुइटांची एक संघटना १९७७ मध्ये अलास्कात स्थापन झाली. तिचे नाव इनुइट सर्कमपोलर कौन्सिल.

शीला वॉट-क्लूतिए यांचा जन्म १९५३ मध्ये कॅनडातल्या क्वेबेक प्रांताच्या उत्तर भागात, नुनाविक प्रदेशातल्या कुजुआक या गावी झाला. आई आणि आजीने त्यांना वाढवले. वयाच्या पहिल्या दहा वर्षांत त्यांचा सगळा प्रवास कुत्र्यांच्या स्लेजवरून झाला. नुनाविकमध्ये अशी १४ गावे आहेत आणि आजही त्यांना दक्षिणेशी जोडणारा रस्ता नाही. तिथे भाजीपाला पिकत नाही. सील, बेलुगा व्हेल, कॅरिबू हरीण आणि मासे हे तिथले पिढ्यान् पिढ्यांचे अन्न. दुकानातला माल विमानाने नाहीतर उन्हाळ्यातल्या बोटीने येतो आणि त्याची किंमत डोळे पांढरे करणारी असते.

दहाव्या वर्षी त्यांना शिक्षणासाठी घरापासून दूर दक्षिणेला पाठवण्यात आले. त्या काळी कॅनडात आदिवासी मुलांना अशा प्रकारे घरापासून, भाषेपासून तोडण्याचे सरकारी धोरणच होते. आपल्यापैकी अनेक जण अठराव्या वर्षी हॉस्टेलवर आले तेव्हाही पहिला महिना जड गेला. इथे मूल दहा वर्षांचे होते आणि जिथे गेले तिथे त्याची भाषा बोलणारे जवळपास कुणी नव्हते. पुढे परत आल्यावर शीलाबाईंनी हॉस्पिटलमध्ये दुभाषी म्हणून काम केले, मग शिक्षणक्षेत्रात. १९९५ मध्ये त्या इनुइट सर्कमपोलर कौन्सिलच्या कॅनडा शाखेच्या अध्यक्ष झाल्या आणि २००२ ते २००६ या काळात संपूर्ण संघटनेच्या प्रमुख.

२. आईच्या दुधात ट्रान्सफॉर्मरचे तेल

पीसीबी म्हटले की इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना प्रिंटेड सर्किट बोर्ड आठवेल. हे ते नव्हे. इथे पीसीबी म्हणजे पॉलिक्लोरिनेटेड बायफिनाइल. १९२९ पासून याचे व्यापारी उत्पादन सुरू झाले. ट्रान्सफॉर्मर आणि कपॅसिटरमध्ये इन्सुलेशनसाठी हे द्रव वापरत. चटकन पेट घेत नाही, विजेला दाद देत नाही, वर्षानुवर्षे त्याचे विघटन होत नाही. इंजिनिअरला आणखी काय हवे? पण जो गुण तोच दोष निघाला. जे ट्रान्सफॉर्मरमध्ये टिकते ते मातीत, पाण्यात आणि शरीरातही टिकते.

१९८० च्या दशकाच्या अखेरीस एरिक देवाई हे क्वेबेकमधील संशोधक बाळंतिणींच्या दुधातील अशा रसायनांचे प्रमाण तपासत होते. दक्षिणेकडच्या कारखानदारीच्या भागातल्या नमुन्यांशी तुलना करायला त्यांना एखादा 'स्वच्छ' नमुना हवा होता. नुनाविक म्हणजे कारखाना नाही, महामार्ग नाही, शेती नाही, फवारणी नाही. म्हणून तिथल्या इनुइट मातांच्या दुधाचे नमुने घेतले. निकाल उलटा लागला. त्यांच्या दुधात पीसीबीचे प्रमाण दक्षिण क्वेबेकमधल्या मातांच्या जवळजवळ पाचपट निघाले.

हे कसे झाले? दोन टप्प्यांत समजून घेऊ.

पहिला टप्पा प्रवासाचा. कपाटातली डांबरगोळी काही महिन्यांत नाहीशी होते, म्हणजे तिची वाफ होते. उलट, थंड पाण्याच्या ग्लासावर बाहेरून थेंब जमतात. या दोन्ही गोष्टी एकत्र करा. पीसीबी, डीडीटी यांसारखी रसायने उष्ण प्रदेशात हळूहळू वाफ होऊन हवेत मिसळतात, वाऱ्याबरोबर सरकतात, थंडी लागली की खाली बसतात, ऊन पडले की पुन्हा उडतात. नाकतोड्यासारख्या अशा उड्या मारत मारत ती अखेर ध्रुवाकडे पोहोचतात. तिथे इतकी थंडी असते की पुन्हा उडणे अवघड होते. केमिकलच्या मुलांना हे डिस्टिलेशन म्हणून लगेच ओळखता येईल. फरक एवढाच की इथे अख्खी पृथ्वी हे उपकरण आहे आणि आर्क्टिक हा त्याचा कंडेन्सर.

दुसरा टप्पा अन्नसाखळीचा. ही रसायने पाण्यात विरघळत नाहीत, चरबीत विरघळतात. समुद्रातले शेवाळ सूक्ष्म जीव खातात, त्यांना मासा खातो, माशाला सील खातो, आणि सीलला अस्वल किंवा माणूस. प्रत्येक पायरीवर चरबीतले प्रमाण वाढत जाते. थंड प्रदेशातले प्राणी चरबीवरच जगतात आणि तिथला माणूस त्या प्राण्यांवर. साखळीच्या टोकाला माणूस असतो असे आपण म्हणतो. पण त्याच्याही पुढे एक पायरी आहे, ती म्हणजे आईच्या दुधावरचे बाळ.

आता त्या आईने काय करायचे? अंगावर पाजणे बंद करायचे, तर बाहेरचे दूध महाग आणि आईच्या दुधाचे फायदे त्यात नाहीत. सील, व्हेल सोडायचे, तर त्याच्या जागी दुकानातले गोडधोड, पाकिटबंद अन्न येते आणि त्यातून मधुमेह येतो. डॉक्टरांचा सल्ला असा राहिला की दूध पाजत राहा, त्याचे फायदे धोक्याहून जास्त आहेत. सल्ला बरोबर होता. पण ज्या बाईने कधी ट्रान्सफॉर्मर बनवला नाही, विकला नाही, तिला मूल पदराखाली घेताना हा हिशोब करावा लागला, यातला अन्याय त्या सल्ल्याने संपत नाही.

३. वाटाघाटीच्या टेबलावर

अशा टिकाऊ विषारी रसायनांवर जागतिक बंदी आणण्यासाठी १९९८ मध्ये माँट्रियल येथे वाटाघाटी सुरू झाल्या. पुढे नैरोबी, जिनिव्हा, बॉन आणि २००० च्या डिसेंबरमध्ये जोहान्सबर्ग अशा फेऱ्या झाल्या. अशा बैठकांत देशांचे प्रतिनिधी बोलतात. त्यांच्या बाजूला रसायन कंपन्यांची माणसे असतात, पर्यावरण संघटनांची असतात. ज्यांच्या अंगात ते रसायन साठले आहे ती माणसे क्वचितच असतात. शीलाबाई आणि त्यांचे सहकारी तिथे गेले ते निरीक्षक म्हणून, म्हणजे मत देण्याचा अधिकार नसलेले.

नैरोबीच्या फेरीत त्यांनी संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचे प्रमुख क्लाउस टॉप्फर यांना एक छोटी दगडी मूर्ती भेट दिली. इनुइट कारागिराने घडवलेली, आई आणि मूल. ती मूर्ती पुढे वाटाघाटींच्या अध्यक्षांच्या टेबलावर ठेवलेली असे. आकडेवारीच्या चर्चेत विषय कुणाचा आहे याची आठवण राहावी, एवढेच तिचे काम.

इथे एक अवघड पेच आला आणि तो आपण नीट समजून घेतला पाहिजे. यादीत डीडीटी होते. आर्क्टिकमधल्या मातांच्या दुधात डीडीटीचे अंश सापडत होते. पण आफ्रिकेत आणि आपल्याकडेही मलेरियाच्या डासांवर घरोघरी डीडीटीची फवारणी होत असे आणि तिने जीव वाचत. आपल्या महाराष्ट्रात रसायनीच्या हिंदुस्तान इन्सेक्टिसाइड्सच्या कारखान्यात डीडीटी तयार होत होते. म्हणजे एका आईचे मूल वाचवायचे तर दुसऱ्या आईच्या दुधात विष जाणार. सरसकट बंदी मागणे शीलाबाईंना सोपे होते, पण ते त्यांनी केले नाही. आफ्रिकेतल्या आणि आर्क्टिकमधल्या आयांना एकमेकींविरुद्ध उभे करणारा सौदा आम्हाला नको, अशी भूमिका त्यांनी घेतली. शेवटी करारात डीडीटीला फक्त रोगवाहक कीटकांच्या नियंत्रणापुरती सवलत ठेवली गेली आणि पर्याय शोधण्याची जबाबदारी लिहिली गेली.

२००१ च्या मे महिन्यात स्टॉकहोम येथे या करारावर सह्या झाल्या आणि २००४ मध्ये तो लागू झाला. सुरुवातीला १२ रसायने होती. आर्क्टिकमधले आदिवासी आणि स्त्रिया व त्यांच्यामार्फत पुढच्या पिढ्या यांना असलेल्या धोक्याचा उल्लेख त्याच्या प्रस्तावनेतच आहे. भारताने २००६ मध्ये या कराराला मान्यता दिली.

मग उपयोग झाला का? हो, झाला. १९९० च्या दशकापासून नुनाविकच्या स्त्रियांच्या रक्तातले पीसीबी आणि जुन्या कीटकनाशकांचे प्रमाण लक्षणीय उतरले आहे. पण रसायनशास्त्र थांबत नाही, आणि यादीही वाढते आहे. नॉनस्टिक आणि डाग न पडणाऱ्या कापडांसाठी वापरलेल्या फ्लोरिनयुक्त रसायनांचे काही गट त्यात आले. २०२५ मध्ये क्लोरपायरीफॉस हे कीटकनाशक काही सवलतींसह यादीत आले. आपल्यातल्या शेतकरी घरांतल्या मुलांना हे नाव नवीन नसेल.

४. बर्फ म्हणजे नेमके काय

दुधाचा प्रश्न मार्गी लागत असतानाच दुसरा उभा होता. २००४ मध्ये आर्क्टिकच्या हवामानबदलावर एक मोठा शास्त्रीय अहवाल प्रसिद्ध झाला. आर्क्टिक उरलेल्या जगाच्या सुमारे दुप्पट वेगाने तापते आहे, असे त्यात होते. त्यानंतरच्या संशोधनानुसार, १९७९ पासूनचा हिशोब धरला तर हा वेग जवळजवळ चौपट भरतो.

याचे एक मुख्य कारण सोपे आहे. ताजा बर्फ पडलेला पृष्ठभाग सूर्यप्रकाशाचा ८० टक्क्यांहून जास्त भाग परत पाठवतो. उघडा समुद्र १० टक्केही परत पाठवत नाही. बर्फ वितळला की काळे पाणी उघडे पडते, ते उष्णता शोषते, त्यामुळे आणखी बर्फ वितळतो. कंट्रोल सिस्टिमच्या भाषेत हा पॉझिटिव्ह फीडबॅक. १९८० च्या दशकात सप्टेंबरमध्ये, म्हणजे वर्षातल्या सर्वांत कमी बर्फाच्या वेळी, आर्क्टिक समुद्रावर ७० लाख चौरस किलोमीटरच्या आसपास बर्फ असे. २०१२ मध्ये तो सुमारे ३४ लाखांवर आला. म्हणजे साधारण एका भारताएवढा बर्फ गेला.

पण हा झाला आपला, बाहेरून बघणाऱ्यांचा हिशोब. शीलाबाई सांगतात तो वेगळा आहे. समुद्रावरचा बर्फ हा इनुइटांचा रस्ता आहे. एका गावाहून दुसऱ्या गावी आणि शिकारीच्या जागी त्यावरूनच जातात. तो बर्फ केव्हा पेलेल आणि केव्हा दगा देईल हे रंगावरून, आवाजावरून, हार्पून मारून ओळखायचे ज्ञान बापाकडून मुलाकडे येते. तीच त्यांची शाळा. बर्फावर वाट बघत बसताना मुलगा धीर धरायला शिकतो, वादळात डोके शांत ठेवायला शिकतो, घाईत निर्णय न घ्यायला शिकतो. जिथे तरुणांच्या आत्महत्यांचे प्रमाण भयंकर आहे अशा समाजात या शिकवणीची किंमत काय, हे वेगळे सांगायला नको. आता ऋतू असे बदलले की अनुभवी शिकारीही बर्फ फुटून पाण्यात पडू लागले. म्हाताऱ्यांचे शब्द खोटे ठरू लागले, आणि त्याबरोबर त्यांचा मान.

सिव्हिलच्या मित्रांसाठी आणखी एक गोष्ट. तिथली जमीन काही फुटांखाली कायम गोठलेली असते. घरे, रस्ते, विमानाच्या धावपट्ट्या त्या गोठलेल्या थरावर उभ्या असतात. तो सैल झाला की पाया खचतो. १९७७ मध्ये सुरू झालेल्या अलास्काच्या तेलवाहिनीच्या हजारो खांबांमध्ये उष्णता बाहेर काढणाऱ्या नळ्या बसवल्या आहेत, जमीन गोठलेली राहावी म्हणून. तेलासाठी एवढे डोके चालवले गेले. त्याच अलास्कातल्या शिशमारेफ या गावाचा किनारा समुद्र खात चालला, तेव्हा गावकऱ्यांनी २००२ मध्ये आणि पुन्हा २०१६ मध्ये गाव हलवण्याच्या बाजूने मत दिले. पण गाव हलवायला लागणारा पैसा उभा राहिला नाही.

५. एक अर्ज

७ डिसेंबर २००५. माँट्रियलमध्ये संयुक्त राष्ट्रांची हवामान परिषद चालू होती. त्या दिवशी शीला वॉट-क्लूतिए यांनी जाहीर केले की त्यांनी कॅनडा आणि अलास्कामधल्या ६२ इनुइट शिकारी व वडीलधाऱ्यांसह मानवी हक्कांच्या आंतर-अमेरिकी आयोगाकडे अर्ज दाखल केला आहे. अर्ज अमेरिकेच्या सरकारविरुद्ध होता.

अर्जाचा युक्तिवाद असा. अमेरिका त्या वेळी जगात सर्वांत जास्त कार्बन डायऑक्साइड सोडत होती आणि २००१ मध्ये तिने क्योटो करारातून अंग काढून घेतले होते. या वायूंमुळे बर्फ जातो आहे. बर्फ गेल्यामुळे इनुइटांचे जीवन, आरोग्य, घर, मालमत्ता, अन्न मिळवण्याची साधने आणि संस्कृती या साऱ्यांवर घाला येतो आहे. हे सगळे हक्क १९४८ च्या अमेरिकी मानवी हक्क जाहीरनाम्यात लिहिलेले आहेत. म्हणून हा हक्कांचा भंग आहे.

अर्जात नुकसानभरपाई मागितली नव्हती. उत्सर्जनावर सक्तीची मर्यादा घाला आणि इनुइटांशी बोलून त्यांच्या संरक्षणाची योजना करा, एवढी मागणी होती. भरपाई मागितली असती तर कुणीतरी किंमत ठरवून प्रकरण मिटवले असते. शीलाबाईंना किंमत नको होती, आपले घर टिकायला हवे होते.

२००६ च्या नोव्हेंबरमध्ये आयोगाने कळवले की दिलेल्या माहितीवरून हक्कभंग होतो की नाही हे ठरवता येत नाही, म्हणून अर्ज पुढे चालवता येणार नाही. सरळ मराठीत, अर्ज परत आला. शीलाबाईंनी मग निदान आमचे म्हणणे तरी ऐका, असा आग्रह धरला, आणि १ मार्च २००७ रोजी वॉशिंग्टनमध्ये हवामानबदल व मानवी हक्क या विषयावर सुनावणी झाली. त्याच वर्षी नोबेल शांतता पुरस्कारासाठी त्यांचे नाव सुचवले गेले होते. पुरस्कार दुसऱ्यांना मिळाला.

६. परत आलेल्या अर्जाचे पुढे काय झाले

इथेच गोष्ट संपली असती तर हा लेख लिहिण्यात अर्थ नव्हता. कोर्टात हरलेला युक्तिवाद कधी कधी कोर्टाबाहेर कामाला लागतो. पुढची क्रमवारी बघा.

२००८ : मालदीवच्या पुढाकाराने संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेने हवामानबदल आणि मानवी हक्क यांच्यावर पहिला ठराव केला.

२०१५ : पॅरिस कराराच्या प्रस्तावनेत मानवी हक्क, आदिवासींचे हक्क आणि स्त्री-पुरुष समानता यांचा उल्लेख आला.

२०२२ : स्वच्छ, निरोगी पर्यावरण हा मानवी हक्क आहे, असा ठराव संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १६१ विरुद्ध ० मतांनी केला.

२०२४ : स्वित्झर्लंडमधल्या दोन हजारांहून जास्त ज्येष्ठ महिलांच्या संघटनेने आपल्या सरकारविरुद्ध युरोपच्या मानवी हक्क न्यायालयात खटला जिंकला. उष्णतेच्या लाटेत म्हाताऱ्या बायकांच्या जिवाला जास्त धोका असतो आणि सरकार पुरेसे काही करत नाही, हे त्यांचे म्हणणे.

२०२५ : जुलैमध्ये आंतर-अमेरिकी मानवी हक्क न्यायालयाने निरोगी हवामान हा हक्क असल्याचे मत जाहीर केले, आणि त्याच महिन्यात हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयानेही हवामानाबाबत देशांवर कायदेशीर जबाबदारी असल्याचे मत दिले.

ज्या व्यवस्थेच्या आयोगाने २००६ मध्ये 'ठरवता येत नाही' म्हटले, तिच्याच न्यायालयाने १९ वर्षांनी ते ठरवले. याचे सगळे श्रेय एका बाईला देणे बरोबर नाही, त्यात अनेक देशांतल्या अनेकांचे कष्ट आहेत. पण हवामानबदल हा हक्कभंग आहे असे म्हणत आंतरराष्ट्रीय पातळीवर केलेला हा पहिला मोठा अर्ज होता आणि पुढच्यांना त्यातून वाट दिसली, हे नक्की. दरम्यान बर्फ वितळतच राहिला, हेही तितकेच नक्की.

७. यात स्त्रियांचा प्रश्न वेगळा का काढायचा?

हा प्रश्न वर्गात कुणीतरी विचारतोच. बर्फ सगळ्यांसाठी वितळतो, मग बायकांचे वेगळे काय? तीन उदाहरणे देतो.

एक, बाळंतपण. एकेकाळी नुनाविकच्या गर्भवतींना विमानाने दक्षिणेला पाठवत. कित्येक आठवडे घरापासून दूर, परक्या भाषेत, एकटीने बाळंत व्हायचे. तिथल्या स्त्रियांनी याविरुद्ध आवाज उठवला आणि १९८६ मध्ये पुविर्निटुक गावात प्रसूतिगृह सुरू झाले. तिथे इनुइट सुईणी तयार झाल्या.

दोन, खाणी. कॅनडातल्या इनुइट स्त्रियांची पाउक्टूटिट ही संघटना १९८४ मध्ये स्थापन झाली. तिने बेकर लेक गावाजवळच्या सोन्याच्या खाणीचा स्त्रियांवर काय परिणाम झाला याचा अभ्यास करून घेतला. दोन आठवडे खाणीवर, दोन आठवडे घरी अशी पाळी. पगार आला, पण स्त्रियांच्या वाट्याला बहुधा साफसफाई आणि स्वयंपाकघर आले, आणि कॅम्पवर छळाच्या तक्रारीही आल्या. कॅनडातल्या बेपत्ता झालेल्या व खून झालेल्या आदिवासी स्त्रियांबद्दलच्या राष्ट्रीय चौकशीचा अहवाल २०१९ मध्ये आला. त्यातही खाणी आणि तेल प्रकल्पांचे कॅम्प व स्त्रियांवरील हिंसा यांचा संबंध दाखवला आहे. उद्या आपल्यापैकी कित्येक जण साइटवर जाणार आहेत. साइट कॅम्प कुठे असावा, किती माणसांचा असावा, शेजारच्या गावातल्या बायकांचे काय, हे प्रश्न आपल्या प्रोजेक्ट रिपोर्टच्या नमुन्यात नसतात.

तीन, पर्यावरणवाद्यांकडून झालेला त्रास. सीलच्या पिल्लांच्या शिकारीविरुद्ध मोठमोठ्या मोहिमा झाल्या आणि युरोपने १९८३ मध्ये व पुन्हा २००९ मध्ये सीलच्या वस्तूंवर निर्बंध घातले. इनुइटांना सवलत होती, पण बाजारच कोसळल्यावर सवलत घेऊन काय करणार? कातडे कमावून, शिवून घर चालवणाऱ्या बायकांचे उत्पन्न गेले. अलेथिया आर्नाकुक-बारिल या इनुइट दिग्दर्शिकेने २०१६ मध्ये यावर 'अँग्री इनुक' हा माहितीपट काढला. प्राण्यावरच्या दयेपोटी माणसाचा विचार सुटला की असे होते.

८. आपण यातून काय घ्यायचे

कुणी म्हणेल, म्हणजे इंजिनिअरिंगच नको का? इनुइटांनाही स्नोमोबाइल लागते, घरात हीटर लागतो. बरोबर आहे. पण एक गंमत बघा. १९७१ मध्ये क्वेबेक सरकारने जेम्स बे जलविद्युत प्रकल्प जाहीर केला तेव्हा तिथल्या क्री आणि इनुइट लोकांना विचारलेही नव्हते. ते कोर्टात गेले आणि १९७५ मध्ये करार झाला. उत्तरेतल्या नद्यांची वीज दक्षिणेकडच्या शहरांना गेली. नुनाविकची गावे मात्र डिझेल जनरेटरवर राहिली. २०२३ मध्ये इनुकजुआक या गावात ७.५ मेगावॉटचा छोटा जलविद्युत प्रकल्प सुरू झाला. त्यात गावातल्या इनुइटांची संस्था बरोबरीची भागीदार आहे. दोन्हीकडे नदी, टर्बाइन आणि जनरेटरच आहे. एका ठिकाणी लोकांना विचारले नव्हते, दुसऱ्या ठिकाणी विचारले. एवढाच फरक, पण गावाच्या दृष्टीने तो फार मोठा आहे.

आपल्याला डिझाइन शिकवताना चिमणीची उंची शिकवतात, आउटफॉल किनाऱ्यापासून किती लांब सोडायचा ते शिकवतात. धूर लांब जावा, सांडपाणी लांब जावे. शीलाबाईंच्या सगळ्या कामाचा आपल्यापुरता अर्थ हा की हे 'लांब' म्हणजे नकाशावरची मोकळी जागा नसते. तिथे कुणाचे तरी घर असते, आणि त्या घरातल्या माणसाला, विशेषतः बाईला, आपल्या मीटिंगमध्ये खुर्ची नसते. तिची खुर्ची हा उपकाराचा भाग नाही, तो तिचा हक्क आहे. आणि निव्वळ इंजिनिअर म्हणून बघितले तरी, जी माहिती फक्त तिच्याकडेच आहे ती न घेता केलेले डिझाइन अपुरेच राहते.

अभ्यासासाठी प्रश्न (रूममेटबरोबर चर्चा करावी, उत्तरे छापलेली नाहीत)

१. पीसीबीच्या कोणत्या गुणांमुळे तो इलेक्ट्रिकल इंजिनिअरना आवडला? तेच गुण अन्नसाखळीत घातक का ठरले?

२. डीडीटीच्या पेचात तुम्ही आफ्रिकेच्या बाजूचे प्रतिनिधी असता तर काय मागितले असते? आर्क्टिकच्या बाजूचे असता तर?

३. २००५ च्या अर्जात नुकसानभरपाई मागितली नाही. हे योग्य होते का?

४. आपल्या फायनल इयर प्रोजेक्टमधून जो धूर, पाणी, उष्णता किंवा कचरा बाहेर पडेल तो कुठे जाईल ते नकाशावर दाखवा. तिथे कोण राहते ते शोधा आणि त्यांच्यापैकी एका बाईशी बोलून या.